बिल्ल्यातील खतावणी

(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



हिशेबपत्रकातील ‘टीएलडी बिल्ले’ हा खर्च कशाचा, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. ती रास्तच आहे.

आपल्या क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ छातीवर हा बिल्ला लावतात. त्यात किंचित डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरण पडले की ऊर्जेचा काही अंश स्फटिकात अडकून राहतो. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत चकती तापवली की तीच ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. किरणांची मात्रा अधिक, तितका प्रकाश अधिक. आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या दृष्टीने ही खतावणीच होय. रोजची नोंद मुकाट्याने होते आणि तिमाहीअखेर बाकी कळते.

ही नोंद हवी, कारण क्ष-किरण दिसत नाहीत आणि पडताना दुखतही नाहीत. एडिसन यांनी १८९६ मध्ये कॅल्शियम टंगस्टेटचा पडदा वापरला. क्ष-किरण पडताच तो उजळे. त्या प्रयोगांत स्वतःचे हात वारंवार किरणांपुढे धरणारे त्यांचे सहायक क्लॅरन्स डॅली यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. पडद्यावर हाडे दिसत होती. हातांनी किती किरण सोसले, याची नोंद मात्र कोठेच होत नव्हती.

आज आपल्या देशात अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. बिल्ला किरण अडवीत नाही. ते काम शिशाच्या एप्रनचे. बिल्ला एप्रनच्या आत लावायचा असतो. तो खुंटीवरच्या कोटालाच राहिला, तर खतावणी कोरी राहते आणि माणूस मात्र किरण सोसत राहतो. म्हणून बिल्ल्याविना कोणीही यंत्रापाशी उभे राहू नये, असा आमचा आग्रह आहे.

आप्तेष्टांना विनंती, की तंत्रज्ञांनी दाराबाहेर थांबावयास सांगितल्यास राग मानू नये. आपणांस बिल्ला नसतो. अंतर हेच आपले संरक्षण.

देणगीदारांचे नाव यंत्रावर कोरता येते, बिल्ल्यावर नाही. तरीही सर्वसाधारण निधीतील आपला रुपया येथे सेवा करणाऱ्यांचे आयुष्य राखतो. त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.