पाणबुडीतला श्वास

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी जहाजावर नोकरीला आहे किंवा होते. तेव्हा समुद्र आपल्याला नवा नाही. पण आज मला तुम्हाला समुद्राच्या वर नव्हे, खाली न्यायचे आहे. प्रश्न साधा आहे, सातवीतल्या मुलाने विचारावा असा. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी दोन-दोन महिने वर येत नाही. मग आतली शंभर माणसे श्वास कशाच्या बळावर घेतात?

"सिलिंडर असतील, सर," असे उत्तर हमखास येते. सिलिंडर असतात, पण थोडा हिशेब करा. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो. शंभर माणसांना ८४ किलो. दोन महिन्यांचे झाले पाच टनांहून अधिक, आणि हा नुसता वायू. तो कोंडण्यासाठी लागणाऱ्या पोलादी नळकांड्यांचे वजन याच्या कितीतरी पट. एवढे ओझे बाळगण्यापेक्षा प्राणवायू तिथेच तयार केलेला बरा.

पण त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बंद जागेत माणूस गुदमरतो तो प्राणवायू संपल्यामुळे, असे आपण धरून चालतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी हवाबंद खोली घ्या आणि एका माणसाला आत बसवा. (कल्पनेतच बसवा!) चोवीस तासांनी आतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या जवळपास येईल. महाबळेश्वरला आपण सहलीला जातो तेव्हा प्रत्येक श्वासात याहून कमीच प्राणवायू मिळतो, आणि तिथे आपण मजेत स्ट्रॉबेरी खातो. पण त्याच खोलीतला कार्बन डायऑक्साइड? तो ०.०४ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास चढलेला असेल. पन्नास पट! डोके ठणकू लागते, धाप लागते, पुढे विचार सुचेनासा होतो. म्हणजे पहिला शत्रू आपलाच उच्छ्वास.

याची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली आहे. १ जून १९३९ रोजी 'थेटिस' ही नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी उतरली. टॉर्पेडोच्या नळीत पाणी आहे की नाही हे सांगणारे एक बारीकसे भोक रंगाने बुजले होते. पाणी आले नाही, म्हणजे नळी रिकामी, असे समजून आतले दार उघडले गेले. बाहेरचे दार मात्र उघडेच होते. पाणबुडी नाकावर बुडाली. चाचणी असल्याने गोदीतले कामगार आणि इतर मंडळीही आत होती, एकूण १०३ माणसे, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. माणसे दुप्पट म्हणजे हवा निम्मा वेळ पुरणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शेपटी पाण्याबाहेर दिसत होती, तरी चौघेच बाहेर पडू शकले. ९९ जण गेले.

हे कसे घडले याचा शोध घेण्यासाठी जे. बी. एस. हाल्डेन हे शास्त्रज्ञ चार सोबत्यांसह स्वतः एका हवाबंद पोलादी कोठीत तासन्‌तास बसले. कोंदलेल्या हवेत माणसाचे काय होते ते त्यांनी स्वतःच्या शरीरावर पाहिले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असावे असे मला वाटते.

ही गोष्ट दूरच्या समुद्रातली म्हणून सोडून देऊ नका. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे हळद साठवली जाई. पेव उघडले की जाणते लोक लगेच उतरत नसत. काही वेळ तोंड उघडे ठेवत, मग दोराला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला तर उतरायचे नाही. जुन्या विहिरीलाही हाच नियम. परंतु शौचालयाच्या टाकीला किंवा गटाराला कंदिलाची परीक्षा लावू नका. तिथे पेट घेणारा मिथेन असतो, शिवाय हायड्रोजन सल्फाइड नावाचे विष असते, ते कंदिलाला कळत नाही. दरवर्षी वर्तमानपत्रांत बातमी येते: एक जण टाकीत पडला, त्याला काढायला भाऊ उतरला, भावाला काढायला शेजारी. तिघेही गेले. वर उभे राहणाऱ्याने अग्निशमन दलाला बोलवावे, पंख्याने किंवा ब्लोअरने वरून हवा सोडावी, उतरू नये. हे कठीण आहे, मला मान्य आहे. आतला माणूस आपला असतो.

आता पाणबुडीत परत येऊ. उच्छ्वासातला वायू काढून टाकण्यासाठी अणुपाणबुडीत अमाइन जातीचे एक द्रव्य वापरतात. थंड असताना ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, तापवले की सोडून देते. सुटलेला वायू समुद्रात ढकलायचा आणि तेच द्रव्य पुन्हा कामाला लावायचे. त्याचा वास खलाशांच्या कपड्यांत असा मुरतो, की घरी गेल्यावरही जात नाही म्हणतात. जिथे यंत्र नाही तिथे सोडालाइम किंवा लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे असतात; ते एकदा भरले की संपले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ यानातले तिघे अंतराळवीर याच डब्यांपायी अडचणीत आले होते. एका कक्षाचे डबे चौकोनी, दुसऱ्या कक्षाची खाच गोल! शेवटी प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी यांनी त्यांनी जोडणी केली व सुखरूप परतले.

आणि प्राणवायू? तो पाण्यातून काढतात. दहावीच्या मुलांनो, पाण्याचे विद्युत अपघटन तुम्ही परीक्षेपुरते पाठ करता, तेच हे. ९ किलो पाण्यातून ८ किलो प्राणवायू आणि १ किलो हायड्रोजन मिळतो. म्हणजे शंभर माणसांना दिवसाला साधारण ९५ लिटर पाणी पुरे. आपल्याकडे एका घराला धुण्याभांड्यांना याहून जास्त लागते. समुद्राचे पाणी मात्र तसेच वापरून चालत नाही. मिठामुळे क्लोरीन हा विषारी वायू सुटेल. म्हणून आधी ऊर्ध्वपातन करून ते शुद्ध करतात. घरी प्रयोग करणाऱ्यांनीही पाण्यात मीठ न टाकता खाण्याचा सोडा टाकावा, छोटी बॅटरी वापरावी, खिडकी उघडी ठेवावी. हायड्रोजन पाणबुडीत साठवत नाहीत, तो स्फोटक असतो. बाहेर सोडून देतात.

वीज बंद पडली तर? त्यासाठी 'प्राणवायूची मेणबत्ती' असते. मेण नव्हे, सोडियम क्लोरेट आणि लोखंडाची भुकटी. पेटवली की क्लोरेट तापून फुटते, प्राणवायू सुटतो आणि मागे आपले खायचे मीठ उरते. अशाच रसायनाचे डबे बहुतेक प्रवासी विमानांत तुमच्या डोक्यावर असतात. मुखवटा ओढला की डबा पेटतो. आखातात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि तो डबा गरम झाल्याचा वास आला तर घाबरू नये.

या डब्यांशी हलगर्जीपणा मात्र चालत नाही. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत असे जुने डबे माल म्हणून चढवलेले विमान पेटून कोसळले व ११० जण दगावले. मार्च २००७ मध्ये ब्रिटनच्या 'टायरलेस' पाणबुडीत अशा मेणबत्तीचा स्फोट होऊन दोन खलाशी मृत्युमुखी पडले. रशियाच्या 'कुर्स्क'ची कथा तर फार दुःखद आहे. १२ ऑगस्ट २००० रोजी ती बुडाली तेव्हा ११८ जणांपैकी २३ जण मागच्या कप्प्यात जिवंत होते. त्यांच्याजवळ पोटॅशियम सुपरऑक्साइडच्या वड्या होत्या. हे द्रव्य कार्बन डायऑक्साइड घेते आणि प्राणवायू देते, म्हणजे दोन्ही कामे एकदम. पण तेलकट पाण्याशी गाठ पडली की भडका उडतो. अंधारात, पाणी साचलेल्या त्या कप्प्यात तसेच झाले. एकही वाचला नाही.

आपल्या मुंबईत माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधल्या जातात. 'शल्की' १९९२ साली आणि नवी 'कलवरी' २०१७ साली नौदलात दाखल झाली. या डिझेल-विजेवर चालतात. बॅटरी भरण्यासाठी त्यांना पृष्ठभागाजवळ येऊन नळी वर काढावी लागते, तेव्हा ताजी हवाही मिळते. अणुपाणबुडीला तेवढेही लागत नाही. हवा आहे, पाणी आहे, वीज आहे. ती बंदराकडे वळते ती भटारखान्यातला शिधा संपत आला म्हणून.

विद्युत अपघटनाचे उपकरण मागच्या टेबलावर मांडले आहे. एका नळीत वायू दुप्पट का जमतो ते मुलांनी पाहावे, आणि पालकांनी मुलांना विचारावे.