जखमी बालकाच्या उशाशी सोनोग्राफी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांपैकी औषधदानाचे स्वरूप काळानुसार सर्वाधिक बदलले आहे. एके काळी ते काढ्यांच्या आणि चूर्णांच्या पुड्यांत मावत असे. पुढे समाजाने धर्मादाय दवाखाने काढले, रुग्णवाहिका दिल्या, डायलिसिसची यंत्रे दिली. आज कोणतीही संस्था महोत्सवी वर्ष साजरे करू लागली की एखाद्या रुग्णालयाला यंत्र भेट देण्याचा विचार प्रथम पुढे येतो. अशाच एका यंत्राचा परिचय या व्याख्यानात करून द्यावयाचा आहे. ते म्हणजे अपघातात जखमी झालेल्या मुलाच्या खाटेजवळ नेऊन वापरता येणारे सोनोग्राफीचे छोटे यंत्र. हे यंत्र जीव वाचवू शकते आणि याच यंत्राने आपल्या जिल्ह्यात जीव खुडलेही गेले आहेत. म्हणून त्याचा विचार भावनेने नव्हे, तर विवेकाने करावा लागतो.

प्रथम जखमी बालकाचा विचार करू. गच्चीवरून पडलेले, दुचाकीवरून फेकले गेलेले, उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागलेले, किंवा सायकलवरून पडताना हँडलचे टोक पोटात घुसलेले मूल रुग्णालयात येते, तेव्हा पुष्कळदा अंगावर मोठी जखम दिसत नाही. मूल रडते, बोलते, पाणी मागते. घरच्यांना वाटते, थोडक्यात निभावले. परंतु बालकाचे शरीर म्हणजे प्रौढ शरीराची लहान प्रतिकृती नव्हे. त्याच्या बरगड्या लवचिक असतात. त्या मोडत नाहीत, वाकतात, आणि आघात सरळ आतल्या अवयवांपर्यंत पोहोचतो. यकृत आणि प्लीहा शरीराच्या मानाने मोठी असतात आणि बरगड्यांच्या आडोशाखाली पुरती झाकलेली नसतात. पोटाचे स्नायू आणि चरबीचा थर पातळ असतो.

याहून फसवी गोष्ट रक्तदाबाची. मुलाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाच्या अंगात एकूण रक्त सुमारे १६०० मिलिलिटर, दीड लिटरहून किंचित अधिक. रक्तस्राव सुरू झाला की मुलाचे हृदय वेगाने धावू लागते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. जवळजवळ ३० टक्के रक्त, म्हणजे या मुलाच्या बाबतीत सुमारे अर्धा लिटर, वाहून गेल्यावरच तो घसरू लागतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून रक्तदाब उतरण्यापूर्वीच आत रक्त साचते आहे का, हे कळणे महत्त्वाचे ठरते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास खाटेजवळची सोनोग्राफी उपयोगी पडते. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडायच्या आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उमटवायचे, हे तिचे तत्त्व. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीधारकांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. ओतकामात आत पोकळी वा तडा राहिला आहे का, हे याच लहरींनी तपासतात. वैद्यकातील सोनोग्राफीचा एक मूळ प्रवाहही तेथूनच निघाला. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी धातूतील दोष शोधणारे कारखान्यातील यंत्र रुग्णांसाठी वापरून पाहिले आणि १९५८ साली आपले निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. जखमींच्या तपासणीसाठी युरोपातील, विशेषतः जर्मनीतील शल्यचिकित्सकांनी हे तंत्र प्रथम हाताळले. १९९० च्या दशकात अमेरिकेत त्याला 'फास्ट' असे संक्षिप्त नाव मिळाले.

या तपासणीत डॉक्टर संपूर्ण पोटाचा सविस्तर अभ्यास करीत नाहीत. ते चारच ठिकाणी पाहतात : उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधील जागा, डावीकडे प्लीहेच्या आसपासची जागा, खाली ओटीपोटात मूत्राशयाच्या मागील भाग, आणि हृदयाभोवतीचे आवरण. पोटात रक्त वाहू लागले की ते सखल जागी उतरून साचते आणि पडद्यावर काळ्या पट्ट्यासारखे दिसते. प्रश्न एकच असतो, रक्त साचले आहे की नाही ? सरावलेल्या हाताला हे काम काही मिनिटांत होते. मुलाला हलवावे लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, क्ष-किरणांचा संसर्ग नाही. आई शेजारी हात धरून उभी राहू शकते. शंका वाटल्यास तासाभराने पुन्हा तीच तपासणी करता येते. छातीवर यंत्र फिरविले असता फुप्फुसाचे पापुद्रे श्वासाबरोबर सरकताना दिसतात. ते सरकेनासे झाले, तर छातीत हवा कोंडल्याचा संशय बळावतो.

हाडांच्या बाबतीतही या यंत्राचा उपयोग सिद्ध होऊ लागला आहे. ऑस्ट्रेलियात ५ ते १५ वर्षे वयाच्या २७० मुलांवर एक अभ्यास झाला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. मनगटाजवळ हात दुखावलेल्या या मुलांपैकी काहींची प्रथम तपासणी सोनोग्राफीने केली, काहींची एक्स-रेने. चार आठवड्यांनंतर हाताची हालचाल दोन्ही गटांत सारखीच सुधारलेली आढळली.

तथापि दान देणाऱ्याने वस्तूचे गुण पाहावेत तसे तिच्या मर्यादाही पाहाव्यात. मुलांच्या यकृताला वा प्लीहेला इजा होऊनही रक्त बाहेर न साचणे, ही पुष्कळदा आढळणारी गोष्ट आहे. अशा वेळी सोनोग्राफी निर्दोष दिसते आणि इजा मात्र असते. पडद्यावर काळा पट्टा दिसला तर सावध व्हावे, पण दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. अमेरिकेत प्रकृती स्थिर असलेल्या ९२५ जखमी मुलांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सोनोग्राफी केलेल्या गटात ५२.४ टक्के मुलांचा आणि न केलेल्या गटात ५४.६ टक्के मुलांचा पोटाचा सीटी स्कॅन करावा लागला. म्हणजे केवळ यंत्र आणून ठेवल्याने सीटी स्कॅन टळले, असे दिसून आले नाही. या यंत्राचा खरा उपयोग होतो तो प्रकृती ढासळत असलेल्या मुलासाठी, ज्याला सीटीच्या खोलीपर्यंत नेण्यातही धोका असतो, आणि वारंवार तपासून लक्ष ठेवण्यासाठी.

सीटी स्कॅनविषयीही दोन टोके टाळली पाहिजेत. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात लहानपणी झालेल्या सीटी स्कॅनच्या क्ष-किरणांचा रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पण ही जोखीम अत्यल्प आहे. १० वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या १०,००० स्कॅनमागे पुढील दहा वर्षांत प्रत्येकी सुमारे एक जादा रुग्ण, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून पालकांनी डॉक्टरांकडे सीटीचा हट्ट धरू नये आणि डॉक्टरांनी आवश्यक म्हटल्यास तो नाकारूही नये.

इतके सुटसुटीत यंत्र, मग ते सर्रास का फिरवता येत नाही, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. या यंत्राला जसा 'रक्त आहे की नाही' हा प्रश्न विचारता येतो, तसाच 'मुलगा की मुलगी' हाही विचारता येतो. त्या दुसऱ्या प्रश्नाने महाराष्ट्रात इतके अनर्थ घडविले की १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला, १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला.

तरीही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर १००० मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८३९. राज्याची सरासरी त्या वेळी ९१३ होती. साखर, दूध आणि उद्योगांनी समृद्ध झालेला, राजर्षी शाहू महाराजांचा वारसा सांगणारा हा जिल्हा या बाबतीत राज्याच्या कितीतरी मागे पडला होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख, जे पुढे २०१८ साली बडोद्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांनी मुलगी वाचविण्याची मोहीम हाती घेतली. सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे तपासणीची दृश्ये टिपून ठेवणारे उपकरण जोडण्यात आले आणि गर्भवतींच्या तपासणीचे 'एफ' फॉर्म ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने त्यास न्यायालयात आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय उचलून धरला. २०११ च्या जनगणनेत राज्याचा आकडा ८९४ पर्यंत घसरला, कोल्हापूरचा मात्र ८६३ पर्यंत वर आला. समाधान मानावे असा हा आकडा नव्हे, परंतु घसरणीची दिशा पालटली, एवढे निश्चित.

येथे आपल्या समाजानेही आरशात पाहिले पाहिजे. २००१ च्या जनगणनेत देशभरातील जैन समाजात सहा वर्षांखालील दर १००० मुलग्यांमागे मुली होत्या ८७०. देशाची सरासरी होती ९२७. २०११ मध्ये आपला आकडा ८८९ झाला, तरी तो देशाच्या ९१९ या सरासरीहून खालीच राहिला. साक्षरतेत अग्रेसर, मुंगीच्याही जिवाला जपणारा समाज या एका रकान्यात मागे राहावा, यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही. सोनोग्राफीच्या यंत्रावर संस्थेच्या नावाची पाटी लावताना हे आकडे डोळ्यांपुढे असावेत.

कायदा दात्यालाही लागू होतो, हे येथे मुद्दाम सांगणे आवश्यक आहे. नोंदणी नसलेल्या केंद्राला सोनोग्राफीचे यंत्र विकता येत नाही, तसेच ते विनामूल्यही देता येत नाही. रुग्णालयात नवे यंत्र आणावयाचे तर समुचित प्राधिकाऱ्यास ३० दिवस अगोदर कळवावे लागते. खाटेजवळ नेता येणारे छोटे यंत्र २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर दोनच ठिकाणी वापरता येते : ज्या आंतररुग्ण सेवेच्या जागेसाठी त्याची नोंदणी झाली असेल त्या जागेत, अथवा विविध आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. आज या दवाखान्यात, उद्या त्या दवाखान्यात, असे ते फिरवता येत नाही. या अटींमुळे प्रामाणिक डॉक्टरांवर कागदपत्रांचा भार पडतो, हे खरे. परंतु हा भार कोणामुळे पडला, हे वरील आकड्यांवरून ध्यानात येते.

म्हणून यंत्रदानाचा संकल्प करणाऱ्या प्रत्येक संस्थेने धनादेशावर सही होण्यापूर्वी रुग्णालयाला चार प्रश्न विचारावेत. केंद्राची नोंदणी वैध आहे काय आणि नव्या यंत्राची रीतसर नोंद होईल काय ? यंत्र आपत्कालीन विभागातच राहील, की कुलूपबंद खोलीत जाईल ? ते रात्री दोन वाजताही वापरू शकतील असे कायदेशीर पात्रता असलेले डॉक्टर आहेत काय, आणि मुलांच्या तपासणीचा सराव त्यांना मिळाला आहे काय ? देखभालीचा वार्षिक खर्च कोण करणार ? चारही उत्तरे समाधानकारक नसतील, तर तीच रक्कम डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी किंवा गरीब रुग्णांच्या उपचारासाठी द्यावी. धूळ खात पडलेल्या यंत्रापेक्षा ते दान श्रेष्ठ.

शेवटी माता-भगिनींसाठी थोडे व्यवहाराचे. मूल उंचावरून पडले, वाहनाची धडक बसली किंवा सायकलचे हँडल पोटात लागले, तर अंगावर जखम नाही म्हणून घरी थांबू नये. पोट दुखणे, उलटी होणे, चेहरा पांढराफटक पडणे, हातपाय गार लागणे, खांदा विनाकारण दुखणे, मूल पेंगुळणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, तिचा लाभ घ्यावा. डॉक्टरांनी सांगेपर्यंत मुलाला खाऊपिऊ घालू नये, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते. मूल कसे पडले, कोठे आपटले, किती वाजता, हे नेमके सांगावे. आणि पहिली तपासणी चांगली आली, तरी डॉक्टर थांबायला सांगत असतील तर थांबावे.

जखमी होऊन आलेले ते मूल मुलगा असो वा मुलगी, खाटेजवळच्या डॉक्टरांना त्याचे आतले रक्त तेवढे शोधायचे असते. जन्मापूर्वी आणि जन्मानंतर तितक्याच समभावाने या यंत्राकडे पाहणारा समाज घडविणे, हे या सुवर्णमहोत्सवी वर्षातील औषधदान आणि अभयदान दोन्ही ठरेल.

जय जिनेंद्र !