आधी नियम, मग यंत्र
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रेल्वेतला पदविकाधारक इंजिनियर, रूळ आणि पूल यांच्या सहवासात नोकरी गेलेली. व्याख्याता नव्हे. तरीही मंडळाने विषय सुचवला, ‘युद्धानंतरची उभारणी : वीज आणि पाणी’. प्रथम वाटले, मदन महालच्या मंडपात युद्धाचा काय संबंध? विचार करत गेलो तसे लक्षात आले की संबंध चांगलाच जवळचा आहे.

युद्धात घरे पडतात, पूल तुटतात, हे आपण बातम्यांत पाहतो. पण जी घरे पडत नाहीत त्यांचेही हाल सुरू होतात, कारण वीज जाते आणि विजेपाठोपाठ पाणी जाते. युक्रेनमधले मिकोलाइव्ह हे युद्धापूर्वी पावणेपाच लाखांच्या आसपास वस्तीचे शहर. त्याला नीपर नदीवरून लांबच्या जलवाहिनीने पाणी येत असे. एप्रिल २०२२ मध्ये ती वाहिनी लढाईत फुटली आणि साऱ्या शहराचे नळ कोरडे पडले. पुढे नळाला पाणी आले ते खारट, आणि त्याने नळही गंजू लागले. ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले. त्या महिन्याच्या शेवटी एका हल्ल्यानंतर राजधानी कीवमधल्या बहुसंख्य घरांचे पाणी बंद झाले. नदी तिथेच होती, पण पंपाला वीज नव्हती.

आता आपल्याकडे पाहू. नर्मदामाई आपल्याला भरभरून देते, पण ती शहरापेक्षा खाली वाहते. तिचे पाणी उचलूनच वर आणावे लागते. म्हणजे आपलाही नळ शेवटी विजेच्या तारेला बांधलेला आहे. देवाच्या दयेने आपल्यावर युद्ध आलेले नाही. पण २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप इथल्या पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही विसरता येणार नाही. टेकडीवरचा तो तोल सांभाळून उभा असलेला दगड हलला नाही, पण घरे पडली आणि जवळजवळ चाळीस माणसे गेली. संकट यायला शत्रूच लागतो असे नाही.

आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. जबलपूरला बावन तालांचे शहर म्हणतात. राणी दुर्गावतीचा राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल, मंत्री आधारसिंहांचा आधारताल, गढ्याकडचा संग्रामसागर. प्रत्येक तलावाला आपापला उतार, आपापला पाणलोट. एक आटला तरी दुसरा असे. १५६४ मध्ये राणी रणांगणावर पडली आणि मोगल फौजा आत आल्या, पुढे आपले मराठे आले, इंग्रज आले. राज्ये बदलली, तरी तलाव लोकांच्या उपयोगी पडत राहिले. सगळ्या शहराचे पाणी एका ठिकाणी तोडता येईल अशी ती रचनाच नव्हती. हे तलाव बुजले ते शांततेच्या काळात. काही अजून आहेत, काही केवळ मोहल्ल्यांची नावे म्हणून उरले. तेव्हा दोष फक्त शत्रूला देऊन चालणार नाही.

म्हणून आज जगात जिथे जिथे उद्ध्वस्त वस्त्या पुन्हा उभ्या राहतात तिथे लहान लहान, स्वतंत्र व्यवस्थांचा विचार होतो. कीवजवळच्या होरेंका गावातला दवाखाना युद्धात मोडला. तो दुरुस्त करताना छतावर सौर पॅनेल बसवली, जेणेकरून शहराची वीज गेली तरी रोग्यांवरचे उपचार थांबू नयेत.

हे किती अवघड आहे? मंडळी, गणित अगदी सोपे आहे. समजा पाचशे माणसांची वस्ती आहे. आणीबाणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात, म्हणजे ७,५०० लिटर. ते ५० मीटर खोलीवरून उचलायला हिशेबाने १ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि नळातली तूट धरली तर अडीच युनिट. एक किलोवॉटची सौर पॅनेल आपल्या हवेत दिवसाला सरासरी चार युनिट देतात. पावसाळ्यात कमी देतात, पण अडीचची गरज बव्हंशी भागते. नेहमीच्या दिवसांचे सरकारी माप माणशी ५५ लिटर धरले तरी अडीच-तीन किलोवॉटमध्ये काम होते. महागडी बॅटरीही नको. ऊन असताना पाणी उंच टाकीत चढवून ठेवले की टाकी हीच बॅटरी!

मग अडते कुठे? यंत्र बसवताना अडत नाही. अडते ते पुढे चालवताना. याची सर्वांत चांगली गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे.

साठच्या दशकातल्या दुष्काळांत गावोगाव बोअर खणून हातपंप बसवले गेले. ते ओतीव लोखंडाचे पंप मूळचे परदेशातल्या एकेका कुटुंबासाठी घडवलेले. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव दांडा हलवणार. साहजिकच ते भराभर मोडले. तेव्हा जालन्याला आणि नंतर सोलापूरला मिशनच्या कार्यशाळांत मजबूत पंप तयार झाले : पोलादी अंग आणि एकाच कण्यावर फिरणारा दांडा. सोलापूरच्या त्या पंपावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने ‘इंडिया मार्क टू’ घडवला. आज आफ्रिकेतल्या असंख्य खेड्यांत, युद्धाने पोळलेल्या देशांतही, बायका जो दांडा दाबून पाणी भरतात त्याचे कूळ सोलापूरचे आहे. आपल्याला याचा अभिमान वाटला पाहिजे.

पण खरा धडा पुढे आहे. मार्क टू मजबूत होता, मात्र आतला वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागत. त्यासाठी बाहेरून पथक आणि गाडी यायला हवी. गाडी येईपर्यंत गाव तहानलेले. म्हणून ऐंशीच्या दशकात मार्क थ्री आला. त्यात पाइप जागेवर ठेवून दट्ट्या वर काढता येतो, आणि गावातलीच दोन-चार माणसे साध्या हत्यारांनी ते काम करू शकतात. दुरुस्ती गावाच्या हाती आली पाहिजे, ही सुधारणा मला पहिल्या शोधाइतकीच मोठी वाटते.

आमच्या रेल्वेत हे जुने शहाणपण आहे. हजारो किलोमीटरचा रूळ मुख्यालयातून सुरक्षित राहत नाही. प्रत्येक तुकड्याला एक कीमन नेमलेला असतो. तो हातोडी-पाना घेऊन रोज आपल्या बीटवर पायी फिरतो आणि सैल झालेली चावी ठोकून बसवतो. रूळ केवढाही लांब असो, प्रत्येक चावी कोणाची तरी असते. सौर पंपाचेही तसेच. ‘हा कोणाचा?’ याला उत्तर नसेल तर वर्षा-दोन वर्षांत पॅनेलवर कपडे वाळत घातलेले दिसतील.

दुसरा प्रश्न वाटपाचा आहे. येमेनमध्ये २०१५ साली युद्धात विजेचे जाळे कोसळले, डिझेल मिळेना. लोकांनी स्वतःच सौर पॅनेल आणून घरे उजळली, विहिरींवर पंप बसवले. संकटात माणसाने दाखवलेल्या धडाडीचे हे मोठे उदाहरण आहे. पण डिझेल महाग होते तेव्हा पाणी उपसण्याला आपोआप लगाम होता. ऊन फुकट, म्हणून पंप दिवसभर चालू. तिथल्या आधीच खोल गेलेल्या भूजलावर त्यामुळे नवे ओझे आले. वीज हिरवी असली म्हणजे पाणी आपोआप वाचते, असे नाही.

याचे उत्तरही मराठी मुलुखातच सापडते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने बांध घातले, झाडे लावली. पण त्याहून कठीण काम म्हणजे नियम केले : शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस कमी तर पिके कमी पाण्याची. पाणी मोजले, मग वाटले.

एक दुखरी गोष्टही सांगितली पाहिजे. आपलीच नर्मदा पुढे नंदुरबार जिल्ह्याच्या काठाने जाते. तिथल्या धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. केरळहून आलेल्या अभियंत्यांच्या मदतीने आदिवासी गावकऱ्यांनी श्रमदान करून धबधब्यावर १५ किलोवॉटचे वीजघर उभारले. जानेवारी २००३ मध्ये घरोघरी दिवे लागले. ऑगस्ट २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्यात ते वीजघर गेले. धरणाच्या बाजूने-विरुद्ध वाद घालण्याची ही जागा नाही. एवढेच म्हणतो की लहान व्यवस्थेला मोठ्या नकाशात जागा राखून ठेवावी लागते, नाहीतर तिची चांगली देखभालही तिला वाचवू शकत नाही.

म्हणून कोणतीही वस्ती उभी करताना, युद्धानंतर असो वा भूकंपानंतर, तीन प्रश्न यंत्राआधी सोडवावेत. दुरुस्ती कोण करणार आणि सुटे भाग कुठे मिळणार? कोणाला किती पाणी, आणि कमी पडले तर आधी कोणाचे कापणार? मोठ्या योजनेत या लहानाची नोंद कोण ठेवणार?

जाता जाता मंडळाला एक विनंती. आपल्या मोहल्ल्यात अजून जुन्या विहिरी आहेत, काही झाकलेल्या, काही कचऱ्याने भरलेल्या. पुढच्या उत्सवापूर्वी तरुण कार्यकर्त्यांनी त्यांची यादी करावी. कोणती उपसण्याजोगी, पाण्याची पातळी किती, किल्ली कोणाकडे, हे लिहून ठेवावे. पाण्याची तपासणी करून घ्यावी. त्यांतल्या एका विहिरीवर हातपंप आणि लहान सौर पंप बसला, आणि त्याला एक कीमन मिळाला, तर आपल्या वर्गणीचा तो फार मोठा सदुपयोग होईल. या यादीचे काम माझ्याकडे द्यावे, रविवारी मी मोकळा असतो.



गणपती बाप्पा मोरया!