मध्यम पल्ल्याची दौड : वेगामागील संयम



पुणे शहरातील वेताळ टेकडी, तळजई आणि पर्वतीचा परिसर येथे पहाटे धावणाऱ्यांमध्ये तरुण मुलामुलींचा भरणा मोठा असतो. त्यांपैकी कित्येक जण शिक्षणासाठी व स्पर्धा परीक्षांसाठी बाहेरगावांहून आलेले असतात. त्यांच्यापुढील ध्येय पदकाचे नसते, तर पोलीस शिपायाच्या नोकरीचे असते. महाराष्ट्र पोलीस दलाच्या अलीकडील भरतीत शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या दौडीला आहेत. पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. काही सेकंदांचा फरक एखाद्या शेतकरी कुटुंबाचे भवितव्य बदलू शकतो. म्हणूनच मध्यम पल्ल्याच्या दौडीची शास्त्रशुद्ध तयारी हा केवळ क्रीडाप्रेमींचा विषय राहिलेला नाही.

या तयारीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. वेग वाढवायचा म्हणजे रोज जीव तोडून धावायचे, असे मानले जाते. जाहिरात निघाली की तयारी सुरू होते आणि चार-सहा आठवड्यांत पिंडऱ्या, गुडघे व नडगी दुखू लागतात. घाईचे परिणाम याहून गंभीरही असू शकतात. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटरच्या दौडीत काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर हे अंतर तीन किलोमीटरवर आणण्यात आले. अशा घटनांमागे उन्हासह अनेक कारणे असू शकतात. परंतु शरीर हळूहळू तयार करण्याला पर्याय नाही, हा धडा त्यातून निश्चितच मिळतो.

१६०० मीटर धावण्यास साधारणपणे पाच ते सात मिनिटे लागतात. एवढ्या वेळात लागणाऱ्या शक्तीचा सुमारे चार पंचमांश भाग श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होतो. म्हणजेच या शर्यतीचा पाया दम हा आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी हे तत्त्व जगाला पटवून दिले. त्यांचा शिष्य पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू असूनही लांब अंतराच्या संथ दौडी नियमाने करीत असे. त्याने १९६० मध्ये रोम येथे ८०० मीटरचे आणि १९६४ मध्ये टोकियो येथे ८०० व १५०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले.

आपल्या राज्यातील उदाहरणेही हेच सांगतात. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर प्रथम मॅरेथॉन धावत असे. पुढे ती ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे हा सैन्यातील जवान. त्याने २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे याच शर्यतीत ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे त्याची वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंद होती. जवळजवळ वीस सेकंद कमी करण्यास एवढ्या गुणी धावपटूलाही सहा वर्षे लागली. मग नवशिक्या तरुणाने एका महिन्यात चमत्काराची अपेक्षा का धरावी?

सामान्य उमेदवाराने किमान तीन महिन्यांचा कार्यक्रम आखावा. पहिले सहा आठवडे आठवड्यातून चार-पाच दिवस संथ दौड करावी. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, हीच त्या गतीची कसोटी. त्यानंतर आठवड्यातून एकदा चढावर धावावे. शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत एक किंवा दोन दिवस ४०० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या शर्यतीच्या गतीने माराव्यात आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटे चालावे. सहा मिनिटांचे लक्ष्य असेल, तर प्रत्येक ४०० मीटरला ९० सेकंद हे प्रमाण अंगवळणी पडले पाहिजे. पहिलीच फेरी ७५ सेकंदांत मारणारा बहुधा तिसऱ्या फेरीत मागे पडतो. चाचणीपूर्वीच्या आठवड्यात श्रम निम्म्यावर आणावेत. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती, पुरेशी झोप आणि भाकरी, कडधान्ये, शेंगदाणे, गूळ, दूध असा साधा आहार पुरेसा आहे. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे अशी लक्षणे दिसल्यास सराव थांबवून डॉक्टरांकडे जावे. मुलींनी रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी.

पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले आणि २००१ मध्ये आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. प्रत्येक गावाला अशी साधने लाभणे शक्य नाही. परंतु दौडीच्या तयारीला ती अनिवार्यही नाहीत. प्रत्येकी ५० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि त्यांना जोडणारी १५ मीटर ९० सेंटीमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे आखली, की २०० मीटरची धावपट्टी तयार होते. तिच्या आठ फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. शाळेचे पटांगण, दोरी, फक्की, एक घड्याळ आणि एक नोंदवही एवढेच साहित्य लागते. ग्रामपंचायतीने पटांगण सपाट करून द्यावे, शिक्षकांनी दर तीन आठवड्यांनी वेळ नोंदवावी आणि मुलींना सुरक्षितपणे धावता येईल अशी वेळ राखून ठेवावी. भरतीची जाहिरात केव्हा निघेल, हे गावाच्या हाती नाही. परंतु जाहिरात निघण्यापूर्वीच गावातील मुलेमुली सज्ज असावीत, हे मात्र गावाच्या हाती निश्चितच आहे.