निःसंशय, निर्विवाद आणि अबाधित

एखादी गोष्ट पूर्णपणे खरी आहे, तिच्याविषयी शंकेला जागा नाही, हे सांगण्यासाठी इंग्रजीत विशेषणांची एक मालिकाच आहे : इन्ड्यूबिटेबल, इन्डिस्प्यूटेबल, इर्रेफ्यूटेबल, अनइक्विव्होकल. आपण घाईत या सर्वांचे भाषांतर ‘निःसंशय’ या एकाच शब्दाने करून मोकळे होतो. परंतु हे शब्द एकमेकांचे जुळे भाऊ नव्हेत.

त्यांच्यात एक साम्य मात्र आहे. ते सारे नकारार्थी आहेत. खात्री सांगताना माणूस आधी तिच्या शत्रूचे नाव घेतो आणि मग तो शत्रू उरला नाही असे म्हणतो. प्रत्येक शब्दातला शत्रू मात्र निराळा आहे. इन्ड्यूबिटेबल म्हणजे ज्याच्याविषयी मनात संशय येत नाही ते. त्या शब्दाच्या लॅटिन मुळाशी ‘दोन’ ही संख्या आहे. आपल्या न्यायशास्त्रानेही संशयाला दोन कोटी मानल्या आहेत. अंधुक प्रकाशात दूरवर काही उभे दिसते. तो खांब आहे की माणूस? मन दोहोंमध्ये झुलते, तो संशय. इन्डिस्प्यूटेबलमध्ये प्रश्न मनाचा नसून वादाचा आहे. त्याला आपला ‘निर्विवाद’ नेमका बसतो. इर्रेफ्यूटेबल म्हणजे ज्याचे खंडन होत नाही ते. युक्तिवादाच्या बाबतीत आपण त्याला ‘बिनतोड’ म्हणतो. शास्त्राच्या परिभाषेत, ज्याला दुसऱ्या प्रमाणाने बाध येत नाही ते ‘अबाधित’. अनइक्विव्होकलचा संबंध तर केवळ बोलण्याशी आहे. ज्या वाक्यातून दोन अर्थ निघत नाहीत ते असंदिग्ध. असंदिग्ध वाक्य धडधडीत खोटेही असू शकते!

हे भेद जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला थोडे लवकर उमगावेत. त्याच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि उच्च न्यायालयात इंग्रजी. हिंदी वर्तमानपत्रात ‘संदिग्ध’ पकडला गेल्याची बातमी येते, तेव्हा तिथे पोलिसांना संशय असलेला माणूस अभिप्रेत असतो. मराठीत त्याला ‘संशयित’ म्हणावे लागेल, कारण आपल्याकडे संदिग्ध असते ते विधान. हिंदीतला ‘बेशक’ अजून खात्रीच देतो. पण त्याच ‘शक’ शब्दापासून आलेला आपला ‘बेलाशक’ खात्री सोडून बेधडकपणाकडे वळला. ज्याला शंका नाही तो पुढेमागे पाहत नाही, हा माणसाचा स्वभाव त्या एका शब्दात उतरला आहे.

आणि शब्दांचा हा भेद केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाही. फौजदारी न्यायालयात आरोपीचा अपराध वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. ‘वाजवी’ हे विशेषण तिथे फार मोलाचे आहे. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने ‘सिद्ध’ या शब्दाची व्याख्या करताना गणितातली निश्चिती मागितली नाही. शहाण्या माणसाने ज्यावर विसंबून वागावे एवढी संभाव्यता मागितली. 2024 च्या जुलैपासून त्या कायद्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली, तरी ही कसोटी कायम आहे.

खुद्द जबलपूरचे नाव अशाच एका निकालाशी कायमचे जोडले गेले आहे. 1975 च्या आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसांना न्यायालयाचे दार ठोठावता येईल काय, हा प्रश्न होता. जबलपूरच्या उच्च न्यायालयासह नऊ उच्च न्यायालयांनी ‘येईल’ असा कौल दिला. प्रकरण दिल्लीला गेले ते ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर, विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ‘येणार नाही’ असे ठरविले.

आता आपली विशेषणे या निकालाला लावून पाहा. तो असंदिग्ध होता. स्थानबद्धाला दार बंद, याचा दुसरा अर्थ निघत नव्हता. तो अंतिम होता, कारण त्यावर दाद मागायला वरचे न्यायालय नव्हते. पण तो निर्विवाद नव्हता. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे भिन्न मत त्याच्याच पानांत आहे. आणि तो अबाधित तर राहिलाच नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्दबातल ठरविला. बहुमतात असलेल्या चौघांपैकी एक होते यशवंतराव चंद्रचूड. आणि तो निकाल चुकीचा होता असे 2017 मध्ये लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव. पित्याच्या लेखणीने ज्याला मान्यता दिली, त्याला पुत्राच्या लेखणीने बाध आणला.

अंतिम असणे आणि निःसंशय असणे यांतले अंतर याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण मिळणे कठीण. त्या अंतरात, स्थानबद्ध माणसांचे महिनेच्या महिने गेले होते.

म्हणून ‘निःसंशय’ हा शब्द जिभेवर येईल तेव्हा क्षणभर थांबून विचारावे : कोणाचा संशय फिटला? माझा, की ऐकणाऱ्याचा? विरोधी पुरावा तपासून पाहिला, की तो समोर येऊच दिला नाही? पहिल्या प्रश्नाला केवळ ‘माझा’ एवढेच उत्तर असेल, तर ‘मला खात्री वाटते’ असे साधे मराठी वाक्य आपल्याजवळ आहे. ते नम्र आहे, आणि बहुतेक वेळा तेच अधिक खरे असते.