चिखलदऱ्यात आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, बागायतदार, व्यापारी आणि कॉफी भाजणाऱ्या-विकणाऱ्या मित्रहो, परतवाड्याहून घाट चढून आपण आलात, स्वागतसमितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे हे गाव १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनने इंग्रजांच्या नजरेस आणले, असे सांगतात. आमचा अभिमान मात्र गाविलगडापासून सुरू होतो. १४२५च्या सुमारास अहमदशहा बहामनीने तो उभारला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढता लढता किल्लेदार बेनीसिंग इथेच पडला. वेलस्लीचे नाव पुढे वॉटर्लूमुळे जगभर झाले. बेनीसिंगाचे नाव वऱ्हाडातही फारसे कुणी घेत नाही. गड पडल्यावर दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला, एवढे गडाचे मोल! उद्या वेळ काढून गडावर जा, दरवाजावरचे गंडभेरुंड पाहा आणि बेनीसिंगाची आठवण काढा.

आता आपल्या कॉफी परिषदेकडे वळतो. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते. मग परिषद चिक्कमगळूरला का नाही, ही शंका रास्त आहे. पण तिथे व्यापाराच्या वाटा रुळलेल्या आहेत, ओळखीची खरी गरज आमच्यासारख्या थोड्या कॉफीच्या डोंगरांना आहे. १९४२च्या कायद्यानंतर बागायतदार आपला माल कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालत असे. पडत्या बाजारात त्या व्यवस्थेने त्याला तारले, हे मान्य. पण आपली कॉफी कोण पितो, हे त्याला कळेनासे झाले. १९९६पर्यंत ते बंधन पुरते उठले, दुरावा मात्र बराचसा राहिला. भाव न्यूयॉर्क आणि लंडनला ठरतात, ओळखीने काय होणार, असेही कुणी म्हणेल. तर कॉफीची एक फांदी हातात घेऊन पाहा : हिरवी, पिवळी, लाल फळे शेजारी शेजारी असतात. सगळी सरसकट ओरबाडली तर चव बिघडते. लाल तेवढीच वेचायची तर त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. भाव एकच मिळणार असेल तर ही मेहनत कोण करील? भाजणारा समोर बसून 'लाल फळाला जास्त देतो' म्हणाला, तरच वेचणी सुधारते. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातील आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी पॅरिसपर्यंत पोचली आणि २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या या मेळघाटाला ही वाट बंद का असावी?

खोल्या कमी पडल्याने काहींना दाटीने राहावे लागत आहे, गरम पाणी ठरावीक वेळीच मिळेल, मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, याबद्दल क्षमस्व. घरे उघडून देणारे गावकरी, खोल्यांचे भाडे न घेणारे हॉटेलवाले, सभामंडपाचा खर्च उचलणारे व्यापारी, धान्य-दूध देणारे शेतकरी, पहाटेपासून चुलीपाशी असलेल्या भगिनी आणि घाटात गाड्यांना वाट दाखवणारी कोरकू मुले, या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. जेवणानंतर बागायतदार आणि खरेदीदार यांची बैठक याच मंडपात आहे. दोघांनी शेजारी शेजारी बसावे, एवढी विनंती करून मी अध्यक्षांना स्थानापन्न होण्याची विनंती करतो.