बटाटा गोड का लागतो?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मुलखात आम्ही बटाट्यावर बोलायला उभे राहिलो, याचे काही जणांना हसू येत असेल. पण गेल्या काही बैठकांत मायबहिणींनी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे. बाजारातून आणलेला साधा बटाटा कधी कधी गोड लागतो, रताळ्यासारखा. भाजीला चव येत नाही, तळायला घेतला तर काप आतून कच्चे आणि वरून काळे होतात. असे का? कोणी म्हणते औषध मारले, कोणी म्हणते इंजेक्शन दिले, कोणी संकरित बियाण्याला दोष देते. प्रश्न चुलीपाशी निघाला, पण त्याचे उत्तर गोदामात आणि बाजारात सापडते. म्हणून तो आज सगळ्यांसमोर मांडतो आहोत.

बटाटा जिवंत असतो

पहिली गोष्ट. पोत्यातला बटाटा मेलेला नसतो. तो जमिनीखाली फुगलेला खोडाचा भाग आहे, त्याला डोळे आहेत, पुढच्या हंगामात त्याला कोंब फोडायचा आहे. तोवर तो श्वास घेतो. श्वासाला इंधन लागते, ते म्हणजे साखर. पण साखर साठवायला अवघड, म्हणून झाड तिची माळ गुंफून स्टार्च करते, म्हणजे आपल्या भाषेत पिठूळ. पीठ म्हणजे बांधून ठेवलेली साखर. बटाटा गरजेपुरती गाठ सोडतो, साखर काढतो, वापरतो, उरली तर परत बांधून ठेवतो.

हे तुम्हाला नवे नाही. हुरडा तुम्ही खाल्ला आहे. गूळभेंडीचे कणीस दुधात-चिकात असते तेव्हा दाणा गोड. आठ-दहा दिवस उशीर केला की तोच दाणा पिठूळ. गोडी कुठे गेली? कुठे गेली नाही, पिठात बांधली गेली. ज्वारीच्या दाण्यात साखरेचे पीठ होते. गोड लागणाऱ्या बटाट्यात याच्या उलट घडलेले असते, पिठाची साखर झालेली असते.

उलट का घडते? थंडीमुळे. आठ-दहा अंशांच्या खाली बटाट्याचा श्वास मंदावतो, साखर खर्च होत नाही, परत पीठ बांधण्याचे कामही रेंगाळते. पण पिठाच्या गाठी सुटणे चालूच राहते. आवक चालू, खर्च बंद. काही आठवड्यांत साखर साचते आणि जिभेला कळते. हे १८८२ साली म्यूलर-थुर्गाऊ या स्विस शास्त्रज्ञाने मांडले. बटाट्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज डोंगर, तिथे रात्री हिव पडते. साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठते. थंडीत गोड होणे हा बटाट्याचा जीव वाचवण्याचा उपाय आहे. यात औषध नाही, इंजेक्शन नाही, भेसळ नाही.

थंडी कुठून आली?

आता दुसरा प्रश्न. आपल्या उन्हात बटाट्याला एवढी थंडी कुठे लागली? शीतगृहात. आपल्या बाजारात येणारा बराच बटाटा बाहेरचा, आग्र्याकडचा, इंदूरकडचा. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नरकडे खरिपात बटाटा होतो, पण देशातले मोठे पीक रब्बीचे, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालचे. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम निघते. पुढे उन्हाळा. उघड्यावर ठेवले तर सडेल, कोंब फुटतील. म्हणून ते दोन ते चार अंशांच्या शीतगृहात जाते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थोडे थोडे बाहेर येते. म्हणून गोड बटाटा तुम्हाला बहुधा पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत भेटतो. संक्रांतीनंतरच्या नव्या बटाट्यात ही तक्रार क्वचितच.

म्हणजे गोडी हा बटाट्यावरचा शिक्का आहे. हा माल काढणीनंतर कित्येक महिने थंडीत ठेवलेला होता, असे तो शिक्का सांगतो. आता आम्ही तुम्हाला विचारतो, तेवढे महिने तो कोणाच्या मालकीचा होता? काढणीला बाजार पडलेला असतो. ज्याला बियाण्याचे, खताचे, सोसायटीचे पैसे फेडायचे आहेत तो शेतातूनच विकतो. ज्याच्याकडे भाडे भरायला आणि थांबायला पैसा आहे तो ठेवतो. काही शेतकरीही ठेवतात, पण लहान शेतकऱ्याला ते परवडत नाही. पीक एकाचे आणि थांबण्याचा मोबदला दुसऱ्याचा, हे आपल्याला कापसात आणि तुरीत चांगले ठाऊक आहे.

आणि जो शेतकरी धाडस करून थांबतो, त्याच्या वाटेला काय येते? पश्चिम बंगालमध्ये २०१४ साली आणि पुन्हा २०२४ साली, भाव चढताच राज्य सरकारने बटाटा राज्याबाहेर नेण्याला अडवणूक केली. अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ चा. २०२० च्या दुरुस्तीने बटाटा आणि कांद्यावरची साठ्याची मर्यादा अपवादापुरती राहिली होती, २०२१ च्या डिसेंबरात तीही दुरुस्ती रद्द झाली. भाव पडला तर शेतकऱ्याचे नशीब, चढला तर सरकारचा हुकूम. मग साठवण करायला शेतकऱ्याने कोणाच्या भरवशावर उतरायचे?

चिप्सवाल्याचे माप

गोड बटाट्याचा तोटा घरात भाजीपुरता असतो. बाजारात तो मोठा आहे. तापलेल्या तेलात साखर आणि बटाट्यातली प्रथिनांची घटकद्रव्ये एकत्र येऊन तांबूस-काळा रंग आणि कडवट चव तयार करतात. २००२ साली स्वीडनमध्ये लक्षात आले की याच क्रियेत ॲक्रिलामाइड नावाचे घातक द्रव्यही तयार होते. म्हणून चिप्सचे कारखाने शंभर ग्रॅम बटाट्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज साखर शंभर मिलिग्रॅमच्या आत मागतात. दोन-चार अंशांत ठेवलेला साधा बटाटा या मापात बसत नाही.

त्यावर दोन उपाय निघाले. एक बियाण्याचा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली कुफरी चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ ही कमी साखरेची वाणे दिली. दुसरा उपाय साठवणीचा. दहा-बारा अंशांत ठेवले तर साखर फार वाढत नाही. पण त्या उबेत कोंब फुटतात, म्हणून कोंब रोखणारे क्लोरप्रोफाम हे औषध वापरतात. युरोपात २०२० पासून त्याचा वापर बंद आहे.

तिसरा उपाय शेतकऱ्याचा आहे आणि तो सगळ्यांत स्वस्त आहे. माळव्यात शेतकरी झाडाच्या सावलीत बटाट्याचा ढीग लावतात किंवा खड्ड्यात ठेवतात, वरून काड-पाचटाचे जाड पांघरूण घालतात, हवा खेळती ठेवतात. अडीच-तीन महिने माल टिकतो. थोडी घट येते, सडका माल निवडावा लागतो, पण साखर वाढत नाही. संशोधन संस्थेनेही ही पद्धत सुधारून शिफारशीत घेतली. विजेवर चालणाऱ्या शीतगृहातला बटाटा चिप्सला नापास आणि पाचटाखालचा पास! शेतकऱ्याची रीत म्हणजे मागासलेली रीत, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अँडीजचे शेतकरी तर याच्याही पुढचे. हिवाच्या रात्री बारीक बटाटा उघड्यावर पसरून गोठवायचा, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचे, उन्हात वाळवायचा. त्याला ते चुन्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या आजा-पणजांनी पेवात ज्वारी ठेवली, ती याच अकलेने. पेवात धान्य असलेला माणूस सुगीच्या दिवशी सावकाराच्या दारात उभा राहत नव्हता.

आपण काय घ्यायचे?

घरापुरते आधी सांगतो. गोड बटाटा खायला वाईट नाही, फेकू नका. पंधरा-वीस अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्याच्या दिवसांत, घरात अंधाऱ्या आणि हवेशीर जागी दोन-तीन आठवडे पसरून ठेवा. बटाटा पुन्हा जोराने श्वास घेतो, काही साखर जाळतो, बरीचशी परत पिठात बांधतो, गोडी उतरते. तितके थांबता येत नसेल तर तो रस्सा-भाजीला वापरा, तळणीला नको. नवा बटाटा फ्रिजमध्ये ठेवाल तर तिथेही तो गोडच होईल. मात्र हिरवा पडलेला, कडू लागणारा बटाटा ही वेगळी गोष्ट आहे, तो विषारी असतो, तो टाकून द्या.

आता शेतापुरते. साठवण म्हणजे फक्त भिंत आणि छप्पर नव्हे. प्रत्येक मालाचा स्वभाव असतो. बटाट्याला थंडी लागली तर तो गोड होतो, ज्वारीला ओल लागली तर किडते, कापूस घरात कोंबला की लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटते. साठवणीत धोकाही आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला म्हणून पुढच्या वर्षी अनेकांनी घरात रोखला, आणि भाव खाली आला. तेव्हा "थांबा म्हणजे मिळेल" असे आम्ही सांगणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की थांबायचे की विकायचे, हे शेतकऱ्याने ठरवावे, त्याच्या कर्जाच्या हप्त्याने ठरवू नये.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. गावाजवळ कोरडे गोदाम. त्या मालावर मिळणारे तारण कर्ज, राज्याच्या पणन मंडळाची तशी योजना १९९०-९१ पासून आहे, ज्वारी-तूर-सोयाबीन त्यात बसते. आपली बाजार समिती ती राबवते का, हे प्रत्येकाने उद्या जाऊन विचारावे आणि नसेल तर का नाही याचे उत्तर लेखी मागावे. आणि तिसरी, भाव चढताच साठ्यावर आणि वाहतुकीवर येणारी बंदी कायमची उठणे. पहिल्या दोन मिळाल्या आणि तिसरी नसली, तर आपण राखलेल्या मालाचा फायदा हुकूम काढणाराच घेऊन जाईल.

मायबहिणींनो, पुढच्या वेळी बटाटा गोड लागला तर दुकानदाराशी भांडू नका. घरी सगळ्यांना विचारा, हा माल इतके महिने थंडीत कोणी ठेवला आणि पिकवणाऱ्याला काय मिळाले? मग आपल्या कापसाच्या गंजीकडे पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारा.